सातातल्या दोन सुया

रतनबाईनं कोंडिबाच्या टाळूवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि तशीच वळून ओसरीच्या कडेला बसलेल्या साळूबाईकडे बघितलं.

"तेल."

"न्हाई बाई," साळूबाई म्हणाली. "घाम असंल त्यो."

"घामाला करंजाचा वास येतो काय, साळूबाई?"

साळूबाईनं पदर पुढं ओढला नि मान खाली घातली. चोरी उघडी पडली होती. आता खरं सांगायचं तर साळूबाईच्या पासली गावातल्या कुठल्याही घरात माणूस डोक्यावर पडला, की पहिल्यांदा तेलाची वाटीच पुढं येते. टाळूवर तेल जिरवल्याबिगर डोकं ताळ्यावर येईल कसं? म्हातारीनं सोळा दिवस कळ काढली. सतराव्या दिवशी सकाळी रतनबाईची पाठ वळली आणि तिला राहवलं नाही. आई ती आई. थोरल्या लेकाचं डोकं मांडीवर घेऊन तिनं वाटीभर तेल जिरवलं होतं.

आवाज ऐकून मोहिते डॉक्टर बाहेर आले. माणूस मायाळू, पण संतापला की सगळ्या आळीला कळायचं.

"अहो, पहिल्याच दिवशी घसा फोडून सांगितलं होतं ना मी? त्या टाकीत हवा दाबून भरलेली असते, वर प्राणवायू सोडलेला असतो. तेलकट डोकं आत गेलं तर एका ठिणगीचा अवकाश! दोन्ही लेकरांचा कोळसा होईल, साळूबाई. एकाचा नाही, दोघांचा!"

साळूबाईला रडू फुटलं. "माज्या हातानं ह्ये काय करत हुते गं बया," म्हणून ती स्वतःच्याच तळव्यांकडे बघत राहिली. डॉक्टर लगेच नरमले.

"रडू नका. आज टाकी बंद. शिकेकाईनं डोकं धुवा, दोनदा. बाजीराव, पाणी आण."

धाकटा बाजीराव बादली घेऊन आडावर गेला. दोर सोडताना त्याच्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. एक दिवस सुटला! आणि लगेच त्याला स्वतःची अशी शरम वाटली, की भरलेली बादली वर आली तरी तो दोर धरून तसाच उभा राहिला. तिकडं आई रडतेय, थोरला भाऊ लुळा पडलाय, आणि आपण सुटलो म्हणतोय.

भोरात मोहिते डॉक्टरांना सगळे टाकीवाले डॉक्टर म्हणत. वीस वर्षं आरमारात नोकरी केलेला माणूस. समुद्राच्या तळाशी उतरणारे पाणबुडे घाईनं वर आले की त्यांचे हातपाय लुळे पडतात. त्यांना टाकीत कोंडून, हवेचा दाब वाढवून बरं करायचं हे डॉक्टरांचं काम. एकदा कुठल्याशा लांबच्या बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं, दोन महिने अडकलं. तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडे हे रोज जाऊन बसले नि सुया टोचायची विद्या शिकून आले. पेन्शन घेऊन भोरला परतताना भंगारात निघालेली तसली एक टाकी ट्रकवर घालून आणली. ती उतरवायला निम्मा बाजार लोटला होता. लोक म्हणाले, डॉक्टर आता रॉकेलचा धंदा काढणार.

झाडावरून पडल्यावर कोंडिबा पुण्याच्या दवाखान्यात महिनाभर होता. जीव वाचला, पण उजवा हात नि उजवा पाय गेला, वाचा गेली. ऐकायचा सगळं, समजायचं सगळं. तोंडातून शब्द म्हणून निघायचा नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. मग वेल्ह्याच्या बाजारात कुणीतरी मोहित्यांचं नाव घेतलं, आणि पंचाहत्तर सालच्या चैत्रात साळूबाई दोन्ही लेकांना घेऊन एसटीनं भोरला आली. कोंडिबाची बायको फुलाबाई पोरांपाशी पासलीतच राहिली.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी काही लपवलं नाही.

"हे बघा, मी करतोय त्याचं पुस्तक नाही कुठं. टाकीनं मेंदूला भरपूर प्राणवायू मिळतो. सुयांनी त्याला हाक जाते. हाक मारायची तेव्हाच खायलाही घालायचं, एवढीच माझी अक्कल. म्हणून सुया टोचूनच आत बसवायचं. गुण येईल का? मला माहीत नाही. चाळीस दिवस द्या."

"दिले," साळूबाई म्हणाली. "चाळीस कशाला, वरीस घ्या."

एकच अडचण होती. आत असताना सुया मधून मधून चिमटीत धरून फिरवाव्या लागत. डॉक्टरांच्या कानाचा पडदा आरमारातच फाटलेला; त्यांना दाबात बसता येत नव्हतं. यंत्र रतनबाईच्या हाताच्या सवयीचं, म्हणून ती होता होईल तो बाहेरच हवी. ही रतनबाई भोरच्याच बौद्धवाड्यातली, सात वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेली. साळूबाईनं पहिले चार दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. पाचव्या दिवशी कोंडिबाच्या उजव्या हाताचं बोट हललं, तेव्हा म्हातारीनं आपण होऊन तिच्याकडे पाणी मागितलं. रतनबाईनं दिलं.

तर आत कोण? डॉक्टरांनी बाजीरावाचा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"भात लावतोस ना? चिखलात रोप खोचताना मोडतोस का?"

"न्हाई जी."

"मग तूच. तेवढाच हलका हात. जोर म्हणून नाही करायचा."

सुया एकंदर सात. तीन हाताच्या, दोन पायाच्या, आणि डाव्या कानाच्या वर डोक्याला टोचलेल्या दोन वाचेच्या. दोघे भाऊ गुडघ्याला गुडघा लावून आत बसायचे. रतनबाई दार लावायची, चाक फिरवायची आणि हवा फुसफुसत आत शिरायची. कानांना दडे बसायचे, म्हणून डॉक्टरांनी दोघांना फुटाणे चघळायला दिले होते. मग अंग तापायचं, आवाज पातळ होऊन कुणा दुसऱ्याचाच वाटायला लागायचा. कोंडिबाच्या तोंडावर प्राणवायूचं मुसकं चढवायचं, अगदी बैलाच्या मुसक्यागत. बाहेरून टाकीवर टोला पडला, की सातही सुया एकामागून एक फिरवायच्या. तासाभरात असे सहा टोले.

पहिले सात दिवस बाजीरावानं जीव ओतून काम केलं. खोटं कशाला बोला, देवपूजा करावी तसं केलं. आठव्या दिवशी मुसकं काढलं आणि कोंडिबानं त्याच्याकडे टक लावून बघितलं. ओठ थरथरले.

"बा…"

बाजीरावानं घाईनं दाराकडे तोंड फिरवलं. नवव्या दिवसापासून तो पाचच सुया फिरवायला लागला. वाचेच्या दोन सुयांना नुसतं बोट लावायचं नि हात मागं घ्यायचा.

का, ते सांगायला पाहिजे.

तिकडं डोंगरात भाताचं रोप टाकायच्या जागेवर राब जाळतात. शेण, टहाळ, पालापाचोळा अंथरायचा आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचा. जमीन भाजली की रोप जोमानं येतं. त्या राबासाठी पौषात ऐनाच्या झाडांवर चढून टहाळ तोडायचे. एकजण वर कोयता घेऊन, दुसरा खाली लांब काठीला आकडी बांधून. फांदी तुटता तुटता सालीला लोंबकळते, ती खालच्यानं आकडीनं ओढायची. पण कधी ओढायची याला रीत आहे. वरचा माणूस हात काढून घेतो, पाय आवरतो आणि "सोडलीऽ" म्हणून हाक देतो. ती हाक आल्याखेरीज खालच्यानं ओढायची नाही. शेंबडं पोरगंसुद्धा हे शिकलेलं असतं.

त्या दिवशी बाजीरावानं वाटणीचा विषय काढला होता. त्याची बायको चंद्राबाई भोंगवलीची. तिकडं सासऱ्याची जमीन कसायला माणूस नव्हता. वेगळं होऊन तिकडं जावं, असं गेलं वर्षभर नवराबायकोच्या डोक्यात घोळत होतं. सकाळपासून तो झाडाखाली उभा राहून बोलत होता आणि वरून कोंडिबा एकच म्हणत होता, आधी राब, मग वाटणी. तिसऱ्या वेळी तेच ऐकल्यावर बाजीरावाचं टाळकं सटकलं. समोर फांदी लोंबकळत होती. त्यानं आकडी अडकवली नि हिसका दिला. हाक आली नव्हती. कोंडिबाचा हात अजून त्याच फांदीवर होता.

गावाला, आईला, पुण्याच्या डॉक्टरांना, सगळ्यांना बाजीरावानं एकच सांगितलं. पाय घसरला.

आता कोंडिबाला बोलता यायला लागलं, तर पहिल्यांदा तो काय बोलेल?

डोकं धुऊन दुसरा दिवस उजाडला. डॉक्टरांनी कोंडिबाला तपासलं. उजवा हात आता मूठ वळत होता, पाय आधारानं टेकत होता.

"हातपाय ऐकतायत," डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मग जीभच का अडून बसलीय? आठव्या दिवशी आवाज फुटला होता की! बाजीराव, वाचेच्या दोन्ही फिरवतोस ना?"

"व्हय जी."

डॉक्टर सुया उकळायला आत गेले. रतनबाई कापसाचे बोळे करत होती. हातातलं काम न थांबवता ती हळू बोलली.

"टाकीला काच आहे, बाजीराव. काचेपाशी मी बसते."

बाजीरावानं डॉक्टर गेले त्या दाराकडे बघितलं.

"आठ दिवस बघतेय मी. टोला पडला की तू पाच फिरवतोस. सुया सात आहेत."

"बाई, त्ये…"

"का, ते मला नको सांगूस. डॉक्टरांनाही मी सांगितलं नाही अजून, का ते मलाही कळत नाही. पण तुझी आई दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत बसते, ते मला बघवत नाही. आज सात फिरव. नाहीतर उद्यापासून आत मी बसेन, नि यंत्रापाशी डॉक्टर बसतील."

ती उठून गेली. बाजीराव भिंतीला टेकून बसला. पळून जावं, असं त्याच्या मनात आलं. समोरून एसटी जात होती; तीत बसलं की कापूरहोळ, तिथून कुठंही. पण आईनं तेवढ्यात हाक मारली, आणि तो निमूट उठून भावाला धरून टाकीकडे घेऊन गेला.

दार लागलं. हवा फुसफुसली. फुटाणे चघळत दोघे एकमेकांसमोर बसले. बाजीरावानं मुसकं चढवलं, पट्टा नीट केला. पहिला टोला पडला. त्यानं हाताच्या तीन फिरवल्या, पायाच्या दोन फिरवल्या आणि त्याचा हात मांडीवर येऊन पडला.

"दादा," तो म्हणाला. दाबातला तो पातळ आवाज आपला नाहीच असं त्याला वाटलं, आणि त्यामुळंच बहुधा पुढचं बोलता आलं. "दादा, तुमी हाक दिली न्हवती. म्या आदीच वढली. राग आला हुता, म्हून वढली. आयेला म्या खोटं सांगितलं."

कोंडिबा बघत होता. मुसक्याच्या वर नुसते डोळे दिसत होते.

"आन् ह्या दोन सुया म्या आठ दिस फिरवल्या न्हाईत. तुमी बोलाल म्हून. तुमी बोलाल त्याची मला भीती वाटती, दादा."

आता बाजीरावाला हुंदका आवरेना. दहा वर्षांच्या पोरासारखा तो रडला. काचेतून रतनबाई दिसत होती. तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

मग कोंडिबाचा उजवा हात मांडीवरून उठला. तो हात अजून कच्चा होता, थरथरत, अडखळत वर येत होता. त्यानं बाजीरावाचं मनगट धरलं आणि ओढत ओढत स्वतःच्या डाव्या कानाच्या वर नेलं. तिथं सोडून दिलं.

म्हणजे त्याला कळत होतं! कुठल्या सुया फिरतायत नि कुठल्या नाहीत, हे आठ दिवस त्याला कळत होतं. बाजीरावानं डोळे पुसले, चिमटीत सुई धरली आणि फिरवली. त्या दिवशी पुढचा टोला पडायची वाट त्यानं बघितली नाही.

सव्विसाव्या दिवशी कोंडिबा "पानी" म्हणाला. साळूबाईनं ओसरीवर गूळ वाटला, समोरच्या शिंप्यालाही नेऊन दिला. अठ्ठाविसाव्या दिवशी "आये" म्हणाला, तेव्हा मात्र ती काही वाटू शकली नाही, जाऊन आडापाशी बसली. डॉक्टर वहीत रोज लिहीत होते. बाजीराव सातही सुया फिरवत होता आणि वाट बघत होता. भीती गेली होती असं नाही. होईल ते होवो, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

एकतिसाव्या दिवशी टाकीतून बाहेर आल्यावर कोंडिबाला ओसरीवर तक्क्याला टेकवून बसवलं. चेहऱ्यावर तजेला होता. रतनबाई एकेक सुई काढून डबीत ठेवत होती. साळूबाई लेकाच्या पायाशी बसली होती. ती एकाएकी म्हणाली,

"कोंडिबा, येक इचारू? जलम गेला तुजा ऐनावर. माकडावानी चढायचास. आन् कसा रं पडलास?"

विचारलं कोंडिबाला, पण बघत होती ती बाजीरावाकडे.

"विचारा, विचारा!" डॉक्टर खूश होऊन पुढं सरकले. "एक शब्द नको आता. लांब बोलू दे त्याला."

कोंडिबानं ओठ ओले केले.

"पाय…"

"शाबास! पाय, पुढं?"

"पाय… घ… घ…"

शब्द अडला. कोंडिबाच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा फुगल्या. पुन्हा त्यानं दम घेतला, पुन्हा "घ" वर येऊन अडकला. डॉक्टर हातवाऱ्यांनी त्याला पुढं ढकलत होते. बाजीरावाला पहिल्याच फेरीत कळलं होतं की हे काय चाललंय. आपण चार महिने फुकट वापरलेलं खोटं हा माणूस एवढ्या कष्टानं जुळवतोय. ते बघणं त्याच्यानं होईना.

"नगा, दादा," तो उठून उभा राहिला. "आये, पाय न्हाई घसरला. दादानं हाक दिली न्हवती. त्याच्या आदीच म्या फांदी वढली. रागानं वढली."

साळूबाई हलली नाही. रतनबाईच्या हातातली डबी तशीच उघडी राहिली. डॉक्टरांना राबाच्या रीतीतलं काही ठाऊक नव्हतं. ते एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले.

कोंडिबाचा चेहरा लालबुंद झाला. उजव्या हाताची मूठ वळून त्यानं धाडकन ओसरीवर आपटली.

"घसरला! पाय घसरला म्हंतो न्हवं!"

आवाज सगळ्या अंगणात घुमला. स्वतः कोंडिबाच दचकला.

"सबंध वाक्य!" डॉक्टर ओरडले. "अहो, सबंध वाक्य बोलला! रतनबाई, वही आणा. तारीख घाला आधी!"

रतनबाई वहीसाठी उठली नाही. ती साळूबाईकडे बघत होती. म्हातारीनं थोरल्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे, मग पुन्हा थोरल्याकडे. कोंडिबानं आईची नजर चुकवली नाही.

"बाजा," ती शेवटी म्हणाली. "थोरला काय म्हंतोय, ऐकलंस?"

"आये, पर म्या…"

"ऐकलंस का न्हाई?"

"ऐकलं."

"मग झालं तर. पुन्यांदा ह्ये घरात काडायचं न्हाई." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "बसा दोगं. भाकर वाडते."

ती आत गेली. डॉक्टर स्वतःच वही घेऊन आले नि उभ्या उभ्या लिहायला लागले. बाजीराव भावाशेजारी खाली बसला. कोंडिबा थकला होता. त्यानं मान तक्क्यावर टाकली आणि डोळे मिटून घेतले.

आत बराच वेळ ताटांचा आवाज आला नाही.